पाणी निवळतं तेव्हा

भादवा सरत आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या नद्या रंग बदलू लागतात. जुलै-ऑगस्टात अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी या साऱ्यांचं पाणी वावरांतल्या काळ्या मातीने इतकं जाड झालेलं असतं की ओंजळीत घेतलं तर तळहात दिसत नाही. ही माती लवकर खाली बसत नाही. काळ्या जमिनीतले चिकणमातीचे कण फार बारीक असतात, ते दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतात, आणि बसायला लागावेत तोवर वर कुठेतरी पाऊस पडून नवा लोंढा येतो. पोळा होतो, गणपती जातात, पित्रं संपतात. नवरात्रात माहूरच्या वाटेवर गर्दी सुरू होते त्या सुमारास दोन पावसांमधलं अंतर वाढतं, आणि एका सकाळी टोंगळाभर पाण्यात उभं राहिलं की स्वतःच्या पायाची बोटं दिसतात. गळाने मासे धरणाऱ्यासाठी वर्षातली एवढी मोठी बातमी दुसरी नाही.

त्या सकाळपासून दिवाळीनंतरच्या थंडीपर्यंतचे काही आठवडे हा या प्रकरणाचा विषय आहे. पिसांची आणि केसांची खोटी माशी करून ती हलक्या दोरीने पाण्यावर टाकायची, हे फ्लाय फिशिंग. ते थंड देशांतल्या ट्राउट माशाचं शास्त्र म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे विदर्भाच्या उष्ण, काळ्या मातीच्या मुलखात त्याचं काय काम, असं वाटणं साहजिक आहे. पण फ्लायला लागतात दोनच गोष्टी: दिसण्याइतकं स्वच्छ पाणी आणि वर बघून खाणारा मासा. आश्विनात दोन्ही इथे असतात.

पुराच्या पाण्यात माशाचे डोळे जवळपास निकामी असतात. तेव्हा राज्य असतं मिशावाल्या माशांचं. शिंगाडा आणि त्याच्या जातीचे बिनखवल्यांचे मासे मिशांनी तळ चाचपतात, वासाचा माग काढतात, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या संवेदनरेषेने पाण्यातली हालचाल ओळखतात. म्हणून पावसाळ्यात ढिवर आणि भोई गरीला गांडूळ किंवा कोंबडीची आतडी लावतात. वास पाण्यात पसरतो आणि मासा आंधळेपणी तिथवर पोचतो. त्या पाण्यात पिसांची माशी टाकून काही उपयोग नाही, तिला वासच नाही. पाणी निवळलं की सत्तापालट होतो. डोळ्यांनी शिकार करणारे मासे काठाला येतात, आणि आमिष खरं आहे की खोटं यापेक्षा ते कसं दिसतं आणि कसं हलतं याला महत्त्व येतं.

फ्लायची यंत्रणा नेहमीच्या गळाच्या उलट आहे, आणि ती एकदा समजली की पुढचं बरंच आपोआप उलगडतं. साध्या गळात वजन असतं शिशाच्या गोळीत किंवा आमिषात. ते वजन फेकलं जातं आणि बारीक दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, ती हवेत फेकली तर दोन हातांवर पडेल. इथे वजन दोरीतच भरलेलं असतं. ही दोरी जाड, प्लास्टिकचा लेप दिलेली आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. तिच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ठरलेलं असतं: ५ क्रमांकाच्या दोरीचं १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, आणि ८ क्रमांकाच्या दोरीचं २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. काठी मागे नेली की दोरी मागे सरळ होते, पुढे आणून झटक्यात थांबवली की दोरीत एक वळसा तयार होतो आणि तो टोकाकडे धावत जातो. टोक निमुळतं असल्यामुळे वळशाचा जोर शेवटपर्यंत टिकतो, आसुडाच्या टोकाला टिकतो तसा. फरक इतकाच की आसूड शेवटी कडाडतो आणि इथे तो जोर नेमका संपून माशी अलगद पाण्यावर टेकली पाहिजे. दोरी आणि माशी यांच्यामध्ये दोन-अडीच मीटरचा पारदर्शक, निमुळता धागा असतो. जाड दोरी माशापासून दूर ठेवायचं काम तो करतो.

ही कल्पना जुनी आहे. रोमन लेखक एलियन याने इ. स. २०० च्या सुमारास मॅसिडोनियातल्या अस्त्रायस नदीवरच्या कोळ्यांचं वर्णन केलं आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याची दोन पिसं बांधत, कारण तिथले मासे जी माशी खात तिला माणसाचा हात लागला की तिचा रंग जाई. आपल्याकडे खोट्या माशीचं इतकं जुनं वर्णन माझ्या वाचनात नाही, पण गळाच्या शास्त्राचं आहे, आणि ते अभिमानाने सांगावं असं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींच्या भागात त्याने मत्स्यविनोदाला स्वतंत्र प्रकरण दिलं. त्यात समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे, खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे, अशी मांडणी आहे. दोरी, काठी आणि गळ कसा असावा, कोणत्या माशाला कोणतं खाद्य घालून एका जागी सवय लावावी, हेही आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे माशांच्या अभ्यासकांचं त्याकडे लक्ष गेलं. दख्खनच्या एका राजाने नऊशे वर्षांपूर्वी माशाच्या आवडीनिवडीची नोंद ठेवली, आणि आज आपल्याच जिल्ह्यातल्या नदीत काय खाणारे मासे आहेत हे आपण लिहून ठेवत नाही, याची मला खंत वाटते.

इंग्रजांच्या काळात हेन्री सलिवन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये मंगळूरला ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक छापलं. गळाच्या छंदावरचं भारतातलं ते पायाभूत पुस्तक. त्याआधी त्याने दक्षिण कॅनरातल्या नद्यांमध्ये विष टाकून आणि बारीक जाळ्यांनी पिल्लं मारून माशांचा कसा नाश चालला आहे यावर सरकारला अहवाल दिला होता. छंदिष्ट माणूसच नदीचा पहिला पहारेकरी ठरतो, हे तेव्हाही खरं होतं.

आता माशाच्या नजरेकडे वळू. मासा पाण्यातून वर पाहतो तेव्हा त्याला सगळा पृष्ठभाग पारदर्शक दिसत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे बाहेरचं सगळं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तिचा कोन सुमारे ९७ अंशांचा. मासा एक मीटर खोल असेल तर ही खिडकी जवळपास सव्वादोन मीटर व्यासाची, अर्धा मीटर खोल असेल तर त्याच्या निम्मी. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे आरसा, त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. आकाशातलं आणि काठावरचं सगळं त्या गोलात कोंबलेलं असतं, आणि क्षितिजाजवळच्या गोष्टी कडेला इतक्या चेपल्या जातात की ओळखू येत नाहीत. काठावर दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं पाण्याच्या पातळीपासून जेमतेम दहा अंशांवर येतं. तो बसला की त्याहून खाली. ज्वारीच्या ताटांमागे लपायची गरज नाही, दहा मीटर मागे राहून टोंगळ्यावर बसलं की पुरे. नवखा माणूस मात्र पाणी स्वच्छ झालं म्हणून मासा पाहायला थेट काठाच्या टोकावर जाऊन उभा राहतो, आणि त्याला दिसते ती पळणारी शेपटी.

खिडकी आणि आरसा यांचा आणखी एक परिणाम आहे. पृष्ठभागावर पडलेला नाकतोडा खिडकीच्या बाहेर असेल तर माशाला त्याचं अंग दिसत नाही, फक्त पायांनी पाण्याला पडलेले खळगे आरशात चमकताना दिसतात. मासा त्या चमकीकडे निघतो आणि नाकतोडा खिडकीत आल्यावर निर्णय घेतो. म्हणून तरंगत्या फ्लायला नाकतोड्यासारखा रंग असण्यापेक्षा नाकतोड्यासारखे पाण्यावर रुतणारे पाय असणं अधिक गरजेचं आहे. बाजारातल्या देखण्या फ्लाया कैकदा इथेच कमी पडतात.

नाकतोड्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. आश्विनात यवतमाळच्या नद्यांकाठी सोयाबीन कापणीला येतं. कापणी सुरू झाली की वावरातले नाकतोडे धुऱ्यावरच्या आणि नदीकाठच्या उंच गवतात सरकतात. दुपारी वारा सुटला की काही पाण्यात पडतात. काठाच्या गवताखालून हाताएवढा मासा उसळतो आणि पाण्यावर फक्त एक वर्तुळ उरतं. वर्षभर चिखलातले किडे आणि शेवाळ खाणारे कितीतरी लहान-मध्यम खवल्यांचे मासे या दिवसांत वर पाहू लागतात. याच सुमारास चतुरांचे थवे उडताना दिसतात. त्यांतली पिवळसर रंगाची, जगभर भटकणारी एक जात पावसाळ्याच्या शेवटी भारतातून मालदीववरून आफ्रिकेकडे जात असावी, असा अंदाज चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने २००९ मध्ये मांडला. एवढासा कीटक समुद्र ओलांडतो! पण त्यापूर्वी त्याची पिल्लं पावसाच्या डबक्यांत वाढलेली असतात, आणि तलावाच्या उथळ काठाला ही पाण्यातली पिल्लं माशांचं मोठं खाणं असतं. उंबराची झाडं पाण्यावर झुकलेली असतील तर तिथे पिकलेल्या उंबरांसाठीही मासे जमतात. उंबराएवढी तांबूस, हळू बुडणारी लोकरीची गोळी गळावर बांधली तर तीही फ्लायच, तिला पंख नसले म्हणून काय झालं.

या मुलखातल्या फ्लायचा खरा मानकरी मात्र मरळ. साप-डोक्याची, काळपट हिरवी, डोहाच्या काठच्या बेशरमीत किंवा पाणवनस्पतींत दबा धरून बसणारी. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेणारी पोकळी असते, त्यामुळे ती थोड्या-थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन श्वास घेते. हा तिच्या जिवाचा आधार आणि तिला ओळखण्याची खूण. पाणी स्थिर असलं तर एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारा बुडबुडा मरळीचा असतो. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी तापून प्राणवायू कमी झाला की बाकी मासे सुस्तावतात, मरळीला त्याची फिकीर नसते. ती बेडूक खाते, उंदराचं पिल्लूसुद्धा सोडत नाही. तिच्यासाठी फ्लाय म्हणजे बोटभर लांबीचा, पुढून चपटा, बकरीच्या केसांचा बेडूक. गळाच्या टोकापुढे ताठ नायलॉनचा वळसा द्यायचा, म्हणजे तो पाल्यात अडकत नाही. बेडूक पाल्यावर टाकायचा, दोन झटके द्यायचे, थांबायचं. मरळ आली की लगेच ओढायचं नाही. ती आधी तोंडात धरते, मग वळते. वळल्यावर ओढ द्यावी. ट्राउटवर हात बसलेला माणूस इथे दर वेळी घाई करतो.

मरळीबाबत एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ती पावसाळ्यात विते, आणि नर-मादी दोघं पिल्लांची राखण करतात. तांबूस-नारिंगी पिल्लांचा एक गोळा पृष्ठभागाशी फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली आई-बाप असतात. तो गोळा पाहून त्यावर गळ टाकणं सगळ्यांत सोपं आहे, कारण राखण करणारी मरळ भुकेपोटी नव्हे, रागाने झडप घालते. ती मरळ गेली की तासाभरात ती सगळी पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. सप्टेंबरमध्ये असे गोळे अजून दिसू शकतात. तिथून काठी उचलून पुढच्या डोहाला जावं.

नद्यांपेक्षा जिल्ह्यातली धरणं फ्लायला जास्त उदार आहेत. बाभुळगाव तालुक्यातलं बेंबळा, दिग्रसजवळचं अरुणावती, पुसदचं पूस धरण, आणि पैनगंगेवरचं इसापूर ही मोठी पाणथळं पावसाच्या शेवटी तुडुंब असतात. बाभळी अर्ध्या बुडालेल्या, कालची वावरं आज टोंगळाभर पाण्याखाली. या बुडालेल्या गवतात गोगलगायी, किडे, झिंगे यांची चंगळ असते आणि मासे तिथे शिरतात. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे तरंगणारं खाद्य आणि कोमट पाणी जमतं, म्हणून वाऱ्याच्या तोंडचा काठ धरावा, फेकायला त्रास झाला तरी. परवानगीचं मात्र विसरू नये. महाराष्ट्रातले जलाशय मासेमारीसाठी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांनी विकत आणून सोडलेलं मत्स्यबीज, कटला, रोहू, मृगळ, हे त्या कुटुंबांचं वर्षभराचं पीक आहे. संस्थेच्या माणसाला विचारूनच काठी काढावी, आणि त्याने ‘तिकडे जाळी आहे, जाऊ नका’ म्हटलं तर जाऊ नये. फ्लायला तसंही सगळ्यांत उपयोगी गिऱ्हाईक तिथे वेगळंच असतं. तिलापिया हा आफ्रिकेतून आलेला मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला आणि कितीतरी तलावांत त्याने देशी माशांची जागा खाल्ली. तो छोट्या बुडत्या फ्लायवर धावून येतो. तो कितीही धरावा, घरी न्यावा, खावा. पाण्यात परत सोडू नये.

आणि महाशीर? या नावाशिवाय भारतातल्या फ्लायची गोष्ट पुरी होत नाही. वर्धा आणि पैनगंगा या गोदावरीच्या खोऱ्यातल्या, आणि गोदावरी-कृष्णेचा महाशीर म्हणजे टोर खुद्री. त्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झालं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ मध्ये ते केलं. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, धारेच्या विरुद्ध पोहणारा हा मासा पुरात वर चढतो आणि खडकाळ, वाहत्या पाण्यात वितो. धरणांनी वाट अडवली, वाळू उपसली, तशी त्याची संख्या राज्यभर घटत गेली. त्याला वाचवण्याचा पहिला मोठा प्रयत्न लोणावळ्यात झाला. तिथे वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महाशीराचं प्रजनन केंद्र सुरू केलं. राज्याचे माजी मत्स्यसंचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी प्रौढ माशांतून अंडी आणि नराचं बीज काढून कृत्रिम फलन करण्याची पद्धत बसवली. जड, तळाशी बसणारी अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये सांभाळायची, हे सगळं त्यांनी प्रयोगांतून शिकून घेतलं. तिथून लाखो बोटुकल्या देशभरातल्या नद्या-तलावांत गेल्या. मराठी माणसांनी केलेल्या मत्स्यसंवर्धनाचं याहून मोठं काम मला माहीत नाही.

त्या कामाची पुढची कडी जिव्हारी लागणारी आहे. या बोटुकल्या कर्नाटकात कावेरीतही सोडल्या गेल्या. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. तिथल्या मासेमारी छावण्यांत गळाला लागलेला प्रत्येक मासा मोजून, लिहून, परत सोडला जाई. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला. बाहेरून आलेल्या महाशीरांची संख्या वाढत गेली होती आणि उंचवट्याचा मासा नव्या पिढीसह जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०१८ मध्ये या माशाला टोर रेमादेवी हे नाव निश्चित झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. कुलकर्णी-ओगल्यांचा दोष यात मला दिसत नाही. त्या काळी या दोन माशांमधला फरक कुणी नीट मांडलाच नव्हता. पण नदीचा मासा त्याच नदीच्या बीजातून वाढवावा, हे आता कळलं आहे. आणि ते कळलं सरकारी पाहणीतून नव्हे, छंदाने मासे धरून सोडणाऱ्यांच्या वह्यांतून. पैनगंगेवर किंवा वर्धेवर काठी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने जात, लांबी, तारीख, डोह आणि पाण्याचा गढूळपणा एवढं लिहिलं, तरी वीस वर्षांनी या खोऱ्याकडे स्वतःची वही असेल.

यवतमाळ समुद्रापासून दूर आहे, पण इथल्या पाण्याचा समुद्राशी संबंध तुटलेला नाही. मुलताईहून आलेली वर्धा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतून आलेली पैनगंगा वणीच्या मुलखात भेटतात, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. ईल जातीची लांब वाम समुद्रात जन्म घेऊन या खोऱ्यात वर चढते आणि विण्यासाठी पुन्हा समुद्रात उतरते. गोदावरीच्या मोठ्या झिंग्याच्या पिल्लांना मचूळ पाणी लागतं, म्हणून त्याची मादी पुराबरोबर खाली खाडीकडे जाते. १८५२ मध्ये पुरा झालेला धवळेश्वरमचा बंधारा ही पहिली मोठी भिंत. त्यानंतर भिंती वाढतच गेल्या. प्राणहितेच्या संगमाखाली मेडीगड्ड्याचा बंधारा २०१९ मध्ये उभा राहिला. पैनगंगेच्या डोहात झिंगा कमी झाला असं एखादा म्हातारा ढिवर सांगतो, तेव्हा त्याचं कारण शेकडो कोस खाली असू शकतं.

कोकणातही हाच ऋतू फ्लायचा आहे, तिथली निवळण मात्र पावसाबरोबर भरतीच्याही हातात असते. सप्टेंबरच्या शेवटी खाड्यांचं पाणी निवळू लागतं. उधाणाच्या भरतीत ते गढूळ आणि वेगवान असतं, भांगाच्या दिवसांत संथ आणि स्वच्छ. जिताडा, तांब आणि रावस हे तिथले तीन नामी शिकारी. अलिबाग-पेणच्या खारेपाटात जिताड्याचं कौतुक घरच्या माणसासारखं होतं. हा मासा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे सगळे मोठे जिताडे मारले तर अंडी घालणाऱ्या माद्याच उरत नाहीत. ओहोटी लागली की खारफुटीच्या नाळ्यांतून लहान मासे आणि कोळंबी बाहेर पडतात, आणि नाळीच्या तोंडाशी जिताडा उभा असतो. तिथे ८ किंवा ९ क्रमांकाची दोरी आणि शिशाच्या डोळ्यांची, डोकं खाली करून बुडणारी क्लाउझर मिनो लागते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात बॉब क्लाउझर याने १९८० च्या दशकात ती नदीतल्या बास माशासाठी बांधली, आज ती जगभरच्या खाऱ्या पाण्यात चालते. घरी आल्यावर काठी, रीळ, गळ गोड्या पाण्याने धुवावा, नाहीतर आठवड्यात सगळं गंजतं.

फ्लाय घरी बांधता येते, आणि बांधावी. विकत घेतलेली फ्लाय स्कॉटलंडच्या किंवा मोंटानाच्या किड्याची नक्कल असते, आपल्या धुऱ्यावरच्या नाकतोड्याची नव्हे. कोंबडीची पिसं, बकरीचे केस, लोकर, रेशीम, नेलपॉलिश एवढ्यावर बरंच भागतं. एकेकाळी विलायतेतल्या सॅमन माशाच्या फ्लायांसाठी आपल्या रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसं मोठ्या प्रमाणात जात. त्या पाखराची शिकार आज गुन्हा आहे, त्याची पिसं वापरूच नयेत. गळाचा आतला काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे मासा सोडताना फाटत नाही.

मासा सोडायचा असेल तर पाण्याचं तापमान पाहावं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांवर साडेसात. ऑक्टोबर हीटच्या दुपारी उथळ पाणी तिसाच्या पुढे जातं, आणि दमलेला खवल्यांचा मासा पोहत जाताना दिसला तरी नंतर मरू शकतो. म्हणून फटफटायच्या आधीपासून सकाळी नऊपर्यंत आणि मग संध्याकाळी. हात ओले करून धरावं, मासा पाण्याबाहेर काढूच नये, गळ पाण्यातच सोडवावा. अभयारण्यातल्या पाण्यात मात्र काठी काढायचीच नाही. पैनगंगा अभयारण्यातल्या आणि टिपेश्वरमधल्या नद्या-नाल्यांना हा नियम लागू आहे, आणि तो असावा. सहस्रकुंडाचा धबधबा पाहावा, खालच्या डोहांतले मासे तिथेच राहू द्यावेत. विष, सुरुंग आणि विजेच्या तारा यांच्याबद्दल लिहायचीसुद्धा वेळ येऊ नये, पण येते. सुरुंग आणि विष १८९७ च्या कायद्यापासून बंद आहेत, आणि एका रात्रीत एका डोहाची दहा वर्षं संपवण्याची त्यांची ताकद तेवढीच आहे.

कार्तिक लागला की कापसाच्या वेचणीला जोर येतो, पहाटे धुकं उतरतं आणि पाणी इतकं नितळ होतं की फ्लायचा धागा आणखी बारीक आणि लांब करावा लागतो. मासे काठ सोडून डोहाच्या मध्यात सरकतात. धरणांतून रब्बीसाठी पाणी सुटतं, बुडालेली वावरं उघडी पडतात आणि गाळपेरा सुरू होतो, तिथली फ्लायची जागा संपते. नद्यांची धार तुटून एकेक डोह वेगळा होतो. त्यानंतर मी नदीवर काठी नेत नाही. तुटलेल्या डोहातल्या माशाला पळायला जागा नसते, आणि पुढच्या मृगात पहिल्या पुराबरोबर नाल्यांत चढून विणारे मासे हेच असतात. धरणात अजून खोल पाणी असतं. तिथे बुडती दोरी लावून चार-पाच मीटरवर मोठी, सावकाश हलणारी फ्लाय चालवता येते. तिची तंत्रं वेगळी, आणि ती पुढच्या प्रकरणात.